गोळी ज्याची, त्याच्या हातात

दुपारी दोन-अडीचला आमच्या मेडिकलमधली गर्दी ओसरली की काही बायका येतात. पॅरासिटामॉलची पट्टी घेतात, नाहीतर ओआरएसची पुडी. पैसे देऊन झाले तरी हलत नाहीत. मागे कुणी नाही ना ते बघतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "ताई, दारू सुटायचं काही औषध असतंय का? भाजीत घालून देता येईल असं? त्यांना कळू न देता."

सांगलीत विश्रामबागेत आमचं दुकान आहे. हा प्रश्न मी कितीतरी तोंडून ऐकला आहे, तरी दर वेळी पोटात तुटतं. विचारणारीनं त्याआधी सगळं करून पाहिलेलं असतं. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावलेली असते, देवाला बोललेलं असतं, पंढरीची माळ घालायला लावलेली असते. माळ काही दिवस टिकते, मग एक दिवस खुंटीला दिसते. सगळे मार्ग संपले की ती पुडीपाशी येते. तिला नावं ठेवायची माझी तयारी नाही. पण पुडी मी देत नाही, आणि का देत नाही ते तिला दोन मिनिटं बाजूला घेऊन सांगते.

'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती पूर्वी भिंतींवर असत, आता मोबाईलवर येतात. पुडीत नेमकं काय आहे ते वर लिहिलेलं नसतं. काही घरांत तर चक्क डायसल्फिरॅमची गोळी कुटून आमटीत घालतात. हे औषध खरं आहे आणि जुनंही आहे. १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोन संशोधक ते जंतांवर चालेल का म्हणून तपासत होते. त्यांनी गोळ्या स्वतःही घेऊन पाहिल्या होत्या, आणि नंतर थोडी दारू घेतल्यावर दोघांचीही तब्येत बिघडली. दारू शरीरात गेली की तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग त्याचा निचरा होतो. डायसल्फिरॅम हा निचराच अडवतं. तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो, आणि एखाद्याच्या जिवावरही बेततं. डॉक्टरांनी तपासून, समजावून, पेशंटनं हो म्हणून घेतलेली हीच गोळी पुष्कळांच्या उपयोगी पडली आहे. पण आपण काय खाल्लंय हेच ज्याला ठाऊक नाही तो माणूस रात्री ढाब्यावर जाऊन बसला, तर त्याला काय होतंय हे त्यालाही कळणार नाही आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही.

अशी पुडी आमच्या वहिनीलाही कुणीतरी आणून दिली होती. तिनं ती कागदासकट माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "घालू का नको ते तुम्ही सांगा. मला त्यांच्या ताटात काही मिसळायचं म्हटलं की हात पुढं होत नाही." त्या दिवसापासून जे पुढं घडलं ते लिहायला दादाची परवानगी आहे. हे वाचून कुणाचं तरी घर सावरलं तर लिही, एवढंच तो म्हणाला.

आमचं माहेर तासगाव तालुक्यातलं. द्राक्षबाग, आणि बागेच्या कडेला बेदाण्याचं शेड. दादाच्या हातची छाटणी आमच्या भागात नावाजलेली. काडी हातात घेतली की कुठल्या डोळ्यावर घड येणार ते त्याला दिसायचं, बोलता बोलता कात्री चालायची. पण बेदाण्याचा सौदा झाला की बसायचं, दर पडला की बसायचं, पाऊस आला की बसायचं, असं करत करत बसणं रोजचं झालं. आणि एका ऑक्टोबर छाटणीला मी बागेत गेले तर कात्री गड्याच्या हातात, दादा बांधावर बसलेला. सकाळची ती घेतल्याशिवाय त्याच्या बोटांचं थरथरणं थांबत नव्हतं. त्यानं चहाचा कप उचललाच नाही. बशी खाली ठेवून, वाकून, ओठ तिच्यापाशी नेले. वहिनीनं दुसरीकडे बघितलं.

दादाला सोडायची नव्हती असं कुणी म्हणू नये. त्यानं कितीदा तरी सोडली होती. आमच्या भागात व्यसनमुक्तीचं मोठं काम झालं आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं, साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 'परिवर्तन' उभं केलं. तिथून बरे होऊन आलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. पण महिना-सव्वा महिना बाग सोडून जायचं म्हणजे द्राक्षवाल्याच्या अंगावर काटा येतो. छाटणीनंतर रोजचा दिवस महत्त्वाचा असतो. शिवाय गाव विचारणार, कुठं गेलाय? सांगली-मिरजेत डॉक्टरांची वाण नाही. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी दवाखाना काढला तेव्हापासून मिरज ही आजाऱ्यांची पेठच आहे, कर्नाटकातनं माणसं येतात. मानसोपचारतज्ज्ञही आहेत. अंतराची अडचण नव्हतीच. अडचण होती ती त्या दारातून आत जाताना कोण बघेल याची. तालुक्यातल्या माणसाची गाडी कुठं उभी आहे यावरून संध्याकाळपर्यंत गोष्ट तयार होते. दादाच्या मुलीसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. तो म्हणायचा, "पिताना बघितलं तर चालतंय लोकांना. डॉक्टरकडं जाताना बघितलं की मी बेवडा ठरतोय."

त्याचं हे वाक्य मला अजून सलतं, कारण त्यात चूक काही नव्हतं.

केंद्र सरकारची टेलि-मानस नावाची सेवा आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. १४४१६ हा नंबर, फोन फुकट, मराठीत बोलता येतं. वहिनीनं आधी तिथं फोन लावला आणि नवऱ्यासाठी म्हणून बोलता बोलता स्वतःच रडली. पलीकडच्या बाईंनी तिला रडू दिलं. मग सांगितलं, दारूची ओढ कमी करणारी औषधं असतात, ती मानसोपचारतज्ज्ञ देतात, पण बोलायला त्यांनी स्वतः यायला हवं. हे तिनं दादाला जसंच्या तसं सांगितलं. पुडीची गोष्टही सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे घातली नाहीस तू."

पुण्यातल्या एका डॉक्टरांची व्हिडिओवरची वेळ मी घेऊन दिली. घरात रेंज नाही आणि घरात बोलायचंही नव्हतं, म्हणून दादा पिकअप घेऊन वरच्या रानात गेला. मी शेजारच्या सीटवर. मोबाईल स्टिअरिंगला टेकवून ठेवला होता, तो सारखा घसरत होता. डॉक्टरांनी नमस्कार केला आणि दुसरंच वाक्य असं, "ताई, तुम्ही जरा खाली उतरता का? मला आधी त्यांच्याशी एकट्याशी बोलायचंय." मी उतरले. द्राक्षाच्या मांडवाखाली उभी राहून मी काचेतून बघत होते. गाडीत तो बोलत होता, एवढंच दिसत होतं. आमच्या घरात या विषयावर आम्ही सगळे बोलायचो, तो ऐकायचा. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याला बोलताना बघितलं.

नंतर मला बोलावलं. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरा. बोटं पसरा. आता तसेच ठेवा." छोट्याशा पडद्यावर दादाची बोटं थरथरत होती, आणि ते थरथरणं लपवायला कप नव्हता, बशी नव्हती. मग प्रश्न. सकाळी उठल्यावर घ्यावी लागते का? मध्येच सोडली तेव्हा कधी फिट आली होती का? नसलेलं काही दिसलं, ऐकू आलं? कावीळ होऊन गेली का? कंबरदुखीच्या, दातदुखीच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, खोकल्याचं औषध कुठलं घेता? औषधाचा धंदा असल्यामुळे या शेवटच्या प्रश्नाला माझी खात्री पटली, की माणूस जाणकार आहे.

आणि एवढं सगळं विचारून त्यांनी ओढ कमी करणारी गोळी लिहून दिलीच नाही. आधी नाही, म्हणाले. रोज पिणाऱ्यानं एकदम थांबवलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-चौथ्या दिवसाच्या दरम्यान माणूस भ्रमात जाऊ शकतो आणि त्यात जीवही जातो. घरी बसून, फोनवर, हे करायचं नाही. मिरजेत ओळखीच्या दवाखान्यात चार दिवस दाखल व्हा, मी तिथल्या डॉक्टरांशी बोलतो.

हे ऐकताना मला टाळेबंदीचे दिवस आठवले. २०२० च्या मार्चमध्ये दारूची दुकानं एका रात्रीत बंद झाली. त्यानंतरच्या आठवड्यात घामानं डबडबलेली, हात कापणारी, भलतंच बोलणारी माणसं दवाखान्यांच्या दारात येत होती. 'बरं झालं, सुटेल आता' असं म्हणणाऱ्या घरांना हे ठाऊक नव्हतं. दारू ताकदीनं तोडायची गोष्ट आहे असं आपण धरून चालतो, आणि अंगातून ती निघताना शरीर किती चवताळतं याचा हिशेबच ठेवत नाही. योगायोग असा, की त्याच २५ मार्च २०२० ला केंद्रानं दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि डॉक्टरांनी व्हिडिओवर तपासून औषध लिहून द्यायला नीट नियम झाला.

दादा दाखल झाला. गावात पोटाचं दुखणं सांगितलं, आणि लिव्हरचे रिपोर्ट बघता ते खोटंही नव्हतं. ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, थरथर आणि फिट रोखणारी औषधं, झोप. अंग शांत झालं, लिव्हरचे आकडे पुन्हा तपासले, ते चालतील असे निघाले. मग डॉक्टरांनी व्हिडिओवरून नाल्ट्रेक्सोन लिहून दिलं. ५० मिलिग्रॅम, दिवसातून एक, जेवणानंतर. लिव्हर जास्त बिघडलेलं असतं तर कदाचित ॲकॅम्प्रोसेट दिलं असतं. त्याच्या गोळ्या दिवसातून तीनदा घ्याव्या लागतात आणि ते किडनीवाटे बाहेर जातं. कुणाला काय द्यायचं हे त्या त्या माणसावर ठरतं, म्हणून एकाची चिठ्ठी दुसऱ्यानं वापरायची नसते.

नाल्ट्रेक्सोन हे डायसल्फिरॅमच्या अगदी उलट वळणाचं आहे. ते दारूची शिक्षा देत नाही. दारू पोटात गेली की मेंदूत एंडॉर्फिन सुटतात, त्यांच्यामुळे बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं पुढच्या घोटाकडे ढकलतं. नाल्ट्रेक्सोन एंडॉर्फिनच्या जागा अडवून बसतं. दारू चढायची तेवढी चढतेच, गाडी चालवायला माणूस तेवढाच नालायक असतो. फक्त ती जी आतून ओढ लागते, तिचा जोर ओसरतो. गोळीची नशा नाही, तिची सवय लागत नाही. अमेरिकेत दारूच्या व्यसनासाठी तिला १९९४ मध्ये मंजुरी मिळाली, म्हणजे ही काही कालची गोष्ट नव्हे. तरी आमच्या दुकानात ती ठेवलेली नव्हती. कुणी मागतच नव्हतं. स्टॉकिस्टकडून मागवावी लागली.

आईला हे पटत नव्हतं. "दारू सोडायला गोळ्या कशाला? मन घट्ट केलं की झालं. बाप्या माणूस आहे." वहिनी कधी सासूला उलट बोलत नाही. त्या दिवशी ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्या, बागेवर डाऊनी आला की आपण वेलीला मन घट्ट कर म्हणतो का? औषधच मारतो की." आई गप्प झाली. आमच्या घरात ती लढाई तिथंच संपली. मला वाटतं अजून हजारो घरांत ती लढाई तिथपर्यंत पोचतच नाही. २०१९ मध्ये एम्सनं केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल आला. त्यात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकाला कसलातरी उपचार मिळाल्याचं दिसलं. ३८ मध्ये एक! उरलेल्या ३७ जणांच्या घरी काय चालू असेल? शपथा, माळा, मारहाण, पुड्या.

पहिला आठवडा वाईट गेला. मळमळ, डोकेदुखी, जेवण नको. डॉक्टरांनी काही दिवस अर्धी गोळी करून दिली. तेवढ्यासाठी तासगावातनं पुण्याला जायचं असतं तर दादानं गोळीच सोडून दिली असती, हे मी खात्रीनं सांगते. फवारणी उरकून, हातपाय धुऊन, रात्री नऊला तो गाडीत जाऊन बसायचा आणि बोलायचा. औषधाइतकाच वेळ समुपदेशक त्याच्याशी संध्याकाळच्या बेतांवर घालवायच्या: सौदा झाला की कुठं जायचं, कुणाबरोबर नाही जायचं, कुणी आग्रह केला तर तोंडातून कुठलं वाक्य काढायचं. ते वाक्य त्यानं पाठ केलं होतं.

गोळी कुणी द्यायची हेही डॉक्टरांनी त्यालाच ठरवायला लावलं. वहिनीकडे ठेवू का? तो म्हणाला, "माझ्याकडंच असू दे. पण घेताना ती समोर असावी." सकाळी न्याहारी झाली की तो पट्टीतून गोळी काढतो, तिला दिसेल अशी तळहातावर धरतो, पाणी पितो. वहिनी काही बोलत नाही, मोजत नाही. कळू न देता द्यायच्या पुडीत आणि या गोळीत मला सगळ्यात मोठा फरक इथं दिसतो. पुडीमध्ये घर एका बाजूला आणि तो एकटा दुसऱ्या बाजूला. गावापासून त्यानं ही गोष्ट झाकून ठेवली, ते त्याच्या हक्काचं होतं. पण त्याच्यापासून झाकून काहीही झालं नाही. खासगीपण त्याचं राहिलं, म्हणून जबाबदारीही त्यानं आपली म्हणून घेतली. व्हिडिओवरच्या त्या गाडीतल्या खोलीचे माझ्यावर उपकार आहेत ते यासाठी.

मध्ये एकदा तो प्याला. बेदाण्याचा सौदा चांगला झाला होता, पाठ केलेलं वाक्य तोंडातून निघालं नाही. रात्री उशिरा त्याचा फोन आला. मला वाटलं आता सगळं संपलं. तो म्हणाला, "घेतली गं. पण दोन घोट घेतले आणि ग्लास तसाच राहिला. बाकीचे ओतत होते, मी शेंगदाणे खात बसलो. दुसरी मागावीशीच वाटली नाही." त्याला स्वतःलाच त्याचं नवल वाटत होतं. डॉक्टर रागावले नाहीत. काय झालं, कुठं झालं, पुढच्या वेळी काय करायचं, एवढंच विचारलं आणि गोळी चालू ठेवा म्हणाले.

सगळ्यांचं असं होईल असं मी म्हणणार नाही. औषधशास्त्र शिकलेल्या बाईनं तसं म्हणूही नये. २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब असा, की साधारण १२ जणांनी नाल्ट्रेक्सोन घेतलं तर त्यांतला एक जण बेसुमार पिण्याकडे परत जाण्यापासून वाचतो, जो एरवी गेला असता. आकडा लहान वाटतो. तो एक जण आपल्या घरातला असला की वाटत नाही. आणि औषधांच्या जगात हा आकडा वाईटही नाही.

ऑनलाइन म्हटल्यावर हल्ली काय काय येतं तेही काउंटरवर दिसतं. कुणीतरी फॉर्म भरून घेतलेला, एकही प्रश्न न विचारता औषधाची यादी पाठवलेली, खाली डॉक्टरचं नाव आहे पण नोंदणी क्रमांक नाही. अशा चिठ्ठीवर मी औषध देत नाही. खरी चिठ्ठी मला लगेच ओळखू येते: पेशंटचं नाव-वय, तारीख, औषधाचं मूळ नाव, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि सही. त्याहून मोठी खूण म्हणजे, ज्या डॉक्टरनं आधी लिव्हर तपासायला सांगितलं, अफूच्या जातीच्या वेदनाशामकांबद्दल विचारलं, आणि गरज पडली तर 'हे फोनवर नाही, दवाखान्यात जा' असं म्हटलं, तो डॉक्टर खरा. मोबाईलवर भेटला म्हणून कमी होत नाही.

वेदनाशामकांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्याला ट्रामाडोल, मॉर्फिन, कोडीनची खोकल्याची औषधं यांचा गुण येत नाही, आणि ही औषधं अंगात असताना गोळी घेतली तर त्रास उसळतो. म्हणून डॉक्टरांनी दादाला एक कार्ड करून दिलं आहे, पाकिटात ठेवायला. गेल्या खरड छाटणीच्या वेळी तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडला आणि खांद्याचं हाड मोडलं. गावातल्या दोघांनी त्याला मिरजेला आणलं, मी दुकानातनं तिथं पोचले तेव्हा सिस्टर इंजेक्शन भरत होत्या. मी तोंड उघडायच्या आत दादाच म्हणाला, "थांबा. मी नाल्ट्रेक्सोन घेतोय, दारूसाठी. ट्रामाडोल चालणार नाही मला. कार्ड पाकिटात आहे, काढा." ते दोघं शेजारीच उभे होते. डॉक्टरांनी कार्ड वाचलं, इंजेक्शन बदललं, खांद्याभोवती बधिर करायची सुई दिली आणि हात बांधला.

परत येताना मी गाडी चालवत होते. त्यातला एक जण मागच्या सीटवरून बराच वेळ काही बोलला नाही. विटा फाटा गेल्यावर त्यानं विचारलं, "ती गोळी कुठं मिळते, तात्या?"

दादा म्हणाला, "गोळीचं नंतर. आधी एक नंबर देतो, त्यावर तू स्वतः बोल. बायकोला लावायला सांगू नकोस. आणि उद्याच्या उद्या एकदम बंद करू नकोस, डॉक्टरला विचारल्याशिवाय."